लूमखात्यातलं बोलणं

सुरतेवर सिनेमा काढायचा म्हणून काही मंडळी आमच्या लिंबायतला आली, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा, की या शहरात बघण्यासारखं आहे तरी काय? लग्न होऊन मी इथे आले त्याला इतकी वर्षं झाली, की खानदेशात माहेरी गेले तर लोक मलाच सुरतवाली म्हणतात. पण उद्या कुणी पाहुणा आला आणि म्हणाला, दाखवा तुमचं सुरत, तर मी त्याला फार तर पुलावरून तापी दाखवीन आणि येताना लोचो खाऊ घालीन. बाकी सुरत म्हणजे काम. कामाला जायचं, कामावरून यायचं, मधे जेवायचं आणि झोपायचं. याच्यावर कसला आलाय सिनेमा?

पण त्यांचा सिनेमा एका गोष्टीचा नव्हता. एकाच शहरातल्या पाच छोट्या गोष्टी एकापुढे एक लावायच्या, असा तो प्रकार होता. एक हिरे घासणाऱ्याची, एक रिक्षावाल्याची, एक डुमसला फिरायला जाणाऱ्या पोरापोरीची, एक वेसूकडच्या उंच बिल्डिंगमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हातारीची, आणि एक आमच्यासारख्यांची, म्हणजे लूमवर काम करणाऱ्या नवराबायकोची. डायरेक्टर एक तरुण बाई होती. हिंदी बोलायची, सारखी घाम पुसायची आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीला 'वा' म्हणायची. उघड्या गटाराला तिने 'वा' म्हटलं नाही, एवढंच काय ते.

माझा नवरा ज्या खात्यात कारीगर आहे, तिथे शेठच्या परवानगीने ती शूटिंगआधी बघायला आली. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. मीही तिथे पुष्कळ वर्षं बॉबिन भरायचं काम केलेलं, म्हणून शेठने मलाही बोलावून घेतलं. बाई दारातून आत शिरली आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. सगळेच नवे लोक ठेवतात. शंभर लूम एकदम चालू असले की आत माणसाचा आवाज म्हणून काही उरत नाही. कुणी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी नुसती वाफ लागते. बाईने बाहेर येऊन मला विचारलं, "आप लोग अंदर बात कैसे करते हो?" मी म्हटलं, "मुँह से ही करते हैं. बस आवाज नहीं निकालते."

ते खरंच आहे. खात्यात आम्ही ओठांवर बोलतो. समोरच्याकडे तोंड करायचं, शब्द जरा रुंद करायचा, आवाज काढायचाच नाही. कुणाला हे शिकवावं लागत नाही. खात्यात काही महिने काढले की चार लूम पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते आपोआप कळायला लागतं. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा एका खोलीत आम्ही दोघं, सासू, मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन लेकरं राहत होतो. त्या खोलीत नवऱ्याशी काय बोलणार? कुशीवर वळलं तरी सगळ्यांना कळायचं. आमचं लग्न खऱ्या अर्थाने झालं ते खात्यात. रुसवे झाले ते तिथे. मला दिवस गेल्याचं मी त्यांना सांगितलं तेही तिथेच, बॉबिनच्या मशीनवरून, पदर एका बाजूने आडवा धरून, कारण बाकीच्यांनाही ओठ वाचता यायचे. ते वळून बघत उभे राहिले आणि त्यांच्या लूमवरची तार, म्हणजे धागा, तुटली. त्या आवाजात आम्हाला जेवढा एकांत मिळाला तेवढा पुढे स्वतःची खोली झाल्यावरही मिळाला नाही.

हे सगळं काही मी त्या बाईला सांगितलं नाही. तिला थोडंच सांगितलं, पण तिला तेवढं पुरलं. तिने आपली गोष्टच बदलली. तिच्या गोष्टीतले नवराबायको आता तोंडातून आवाज न काढता भांडणार होते. मुंबईहून आलेल्या हिरोहिरॉइनला आम्ही ते ओठांचं बोलणं दोन दिवस शिकवलं. हिरॉइन चटकन शिकली. हिरोला शेवटपर्यंत जमलं नाही, तो जांभई दिल्यासारखं तोंड करायचा. आम्हा दोघांना मागच्या बाजूला, आमच्या जुन्या जागांवर उभं केलं आणि सांगितलं, काहीही बोला, नेहमीसारखं.

एका शॉटसाठी सगळे लूम बंद केले. खातं गप्प झालं की आम्हा लोकांना कसंसंच होतं, कुणी गेल्यासारखं वाटतं. त्या शांततेत बाई मोठ्याने "कट" म्हणाली. सगळे थांबले, आमचे हे मात्र लूमच्या कडेने तसेच चालत राहिले, धागे निरखत. "काका, हो गया," कुणीतरी ओरडलं. तरी चाललेच. मग शेजारच्या कारीगराने खांद्याला हात लावला तेव्हा थांबले आणि ओशाळून हसले. सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं, कॅमेरा बघून म्हातारपणी अंगात आलंय.

मी खात्याचं काम सोडलं त्याला आता काही वर्षं झाली. गुडघे कुरकुरायला लागले आणि छातीत कापसाची धूळ बसली. घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. मी खातं सोडलं आणि आमचं बोलणंच सुटलं. आधी ते दोन शब्द तरी बोलायचे. पुढे पुढे तेही नाही. आमची खोली लांबट आहे. मागच्या भिंतीला गॅसचा ओटा, दाराजवळ त्यांची खाट. मी भाकरी करायला बसले, नव्हे, उभी राहिले, की तोंड भिंतीकडे आणि पाठ त्यांच्याकडे. बायकांचं निम्मं बोलणं स्वयंपाक करताना होतं. मी दिवसभराचं सांगायची, कुणाचं काय झालं, पाणी का आलं नाही, खड्यांच्या कामाला नवीन मुकादम कसा खडूस आहे. मागून हूं नाही की चूं नाही. वळून बघावं तर हे खाटेवर बसून स्वतःच्या तळव्यांकडे बघतायत. फोन आला तर माझ्या हातात द्यायचे, "तू बोल." टीव्हीवर बातम्या लावल्या तर म्हणायचे, सगळे कुत्र्यासारखे भांडतात, आवाज बंद कर. मी बंद करायची. एखाद्या माणसाला बायकोचा कंटाळा आला तर तो असाच वागणार, नाही का? चिडून चिडून मी थकले. भिंतीशी बोलते मी, असं शेजारणीला सांगायची, आणि ती म्हणायची, सगळ्यांचे असेच असतात गं.

मग मुलाचा फोन आला. तो पुण्याकडे कंपनीत आहे, सूनही नोकरी करते. बाळाला सांभाळायला कुणी नाही, पाळणाघरात ठेवायचं नाही, तर आई, तू इकडे ये. किती दिवसांसाठी, असं मी विचारलं. तो म्हणाला, दिवसांसाठी काय, राहायलाच ये. बाबांची नोकरी आहे तोवर ते तिकडे राहतील, डबा लावतील. नोकरी सुटली की तेही येतील.

आता खरं सांगते. नातवाचा मोह होता. खड्यांच्या डिंकाने बोटांची सालं निघाली होती, सुरतेचाही कंटाळा आला होता. पण त्यांना सोडून जावं असं मला वाटत नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा म्हणावं, नको जाऊ. तेवढ्यावर मी मुलाला नाही म्हटलं असतं. मी भाकरी थापता थापता त्यांना विचारलं, "मी जाऊ का पोऱ्याकडे? तुम्ही सांगशात तसं करसू." मागून काही नाही. दुसऱ्या दिवशी भाजी परतताना पुन्हा विचारलं. परत काही नाही. ताटावर बसले, जेवले, हात धुतले, "भाकर चांगली व्हती" म्हणाले. मी ठरवलं, यांना माझी गरज उरलेली नाही. ज्याला आपली गरज नाही त्याच्यापाशी किती दिवस उभं राहायचं? मुलाला हो म्हणून टाकलं. त्याने तिकीट काढून मोबाइलवर पाठवलं, ते मी यांच्यापुढे धरलं. त्यांनी लांब धरून वाचलं, तारीख बघितली आणि म्हणाले, "बरं." एवढंच. बरं. मी माळ्यावरून बॅग काढून झटकली आणि खाटेखाली ठेवली.

माझ्या जाण्याच्या आदल्या रविवारी सिनेमा दाखवायचं ठरलं. झाला की आधी तुम्हाला दाखवीन असं बाई म्हणाली होती, शब्दाला जागली म्हणायची. नवागामला लग्नाची वाडी, म्हणजे हॉल, आहे, तिथे संध्याकाळी पडदा लावला. खिडक्यांना काळं कापड ठोकलं, लग्नात वाजतात ते मोठे स्पीकर आणले. सगळं खातं बायकापोरांसकट हजर होतं. आम्ही दोघं मधल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. मी नवी साडी नेसले होते. जाण्याआधी एकदा तरी बरोबर बाहेर पडलो, असं मनात आलं आणि उगाच राग आला.

सिनेमा वाईट नव्हता. पण प्रत्येक गोष्टीचं माणूस शेवटी खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभं राहायचं. हिरे घासणाराही उभा राहिला. खिडकी नव्हती म्हणून रिक्षावाला पुलाच्या कठड्याशी उभा राहिला. या शहरात एवढा वेळ कुणाला मिळतो ते मला माहीत नाही. तिसरी गोष्ट आमची आली आणि वाडी दणाणली, कारण बाईने लूमचा आवाज होता तसाच पुरता सोडून दिला होता. पुढे हिरो आणि हिरॉइन ओठांवर भांडत होते आणि खाली हिंदीत अक्षरं येत होती. आणि मागे आमचा एक कारीगर दुसऱ्याला म्हणत होता, "हा तार बांधतोय का बकरी बांधतोय?" त्याची अक्षरं खाली येत नव्हती, पण आम्हाला अक्षरं कशाला हवीत? अख्खी वाडी हसली. बिचारी बाई वळून वळून बघायला लागली, की दुःखाच्या जागी हे लोक हसतात का?

मग आम्ही दिसलो. मी पडद्यावर विचारत होते, दूध आणलं का. काहीही बोला म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? आणि हे माझ्याकडे बघत होते. इतके टक लावून, इतके मनापासून, की मला अंधारात लाज वाटली. घरी हा माणूस वर मान करून बघत नाही आणि पडद्यावर माझ्या तोंडावरून नजर हटवत नाही. मी शेजारी त्यांच्याकडे चोरून बघितलं. ते पडद्याकडे बघत होते.

चौथी गोष्ट म्हातारीची. ती बाल्कनीत उभी राहून परदेशातल्या मुलाशी फोनवर बोलत असते. ती बोलायला लागली आणि फटकन आवाज गेला. स्पीकरची वायर कुणाच्या तरी पायात आली होती. चित्र चालू, आवाज गुल. वाडीत जो गोंधळ उडाला तो विचारू नका. शिट्ट्या, आरोळ्या. पोरं म्हातारीच्या ऐवजी बोलायला लागली, तिच्या तोंडी वाटेल ते घालायला लागली. मागच्या रांगांतले लोक उठून उभे राहिले, कुणी "आवाज, आवाज" म्हणून खुर्च्या आपटत होता.

हे शांत बसले होते. पडद्याकडे बघत, जसे मघापासून बसले होते तसेच. मग पुढचा माणूस उठून आडवा आला, तेव्हा ते माझ्याकडे वळले आणि जरा त्रासून म्हणाले, "लोके काबरं ऊठी ऱ्हायनात?" लोक का उठतायत.

मी म्हटलं, "आवाज बंद पडी गया ना."

पडद्याचा उजेड माझ्या तोंडावर होता. त्यांनी माझं तोंड वाचलं. मग पडद्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे, आणि विचारलं, "कवय?"

कधी, असं विचारलं त्यांनी. एवढ्या बोंबाबोंबीत बसून विचारलं, कधी.

वायर जोडली, आवाज आला, लोक बसले. ती पोरापोरीची शेवटची गोष्ट मी बघितलीच नाही. मी पदर तोंडावर धरला आणि पदराआडून त्यांना हाक मारली. आम्ही नवऱ्याचं नाव घेत नाही. मी आयुष्यभर त्यांना 'ऐकलं का' अशीच हाक मारत आले. ती मारली. मग मोठ्याने मारली. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या कुठल्याही बाईला हे आठवड्यात कळलं असतं. मला कळलं नाही, कारण आम्ही खात्याची माणसं. तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, तिथे कान असले काय नि गेले काय. मी समोर येऊन बोलले की खात्याच्या सवयीने रुंद बोलायची आणि ते खात्याच्या सवयीने वाचायचे. तसं बोलले की उत्तर यायचं. पाठ करून बोलले की यायचं नाही. आणि मी माझ्या मनातलं सगळं पाठ करूनच बोलत होते.

वाडीतून निघालो तेव्हा अंधार पडायला लागला होता. रिक्षा मिळेना म्हणून चालत निघालो. आमच्या वस्तीतल्या रस्त्यावर निम्मे दिवे बंदच असतात. मला बोलायचं होतं आणि बोलायला उजेड हवा होता. एका मेडिकलच्या दुकानासमोर उजेड होता, तिथे मी त्यांचा हात धरून थांबवलं. रस्त्यात मी त्यांचा हात कधी धरत नाही. ते घाबरलेच.

"कवयपासून?" मी विचारलं.

आधी म्हणाले, "काय कवयपासून?" मग माझा चेहरा बघून खाली बघायला लागले. खाली बघितलं की त्यांच्याशी बोलताच येत नाही, हे मला तेव्हाच नीट कळलं. मी हनुवटीला हात लावून त्यांची मान वर केली. दुकानातला माणूस बघत होता, बघू दे.

"डावा तं कवयनाच गया," ते म्हणाले. "उजवा औंदा गया. शेठले सांगू नको." तार तुटल्याचा आवाज ऐकू येत नाही अशा कारीगराला कोण ठेवणार? शेजारच्या लूमवाल्याला ठाऊक होतं, तो खुणावतो. बाकी ते लूमच्या लाकडावर हात ठेवून ओळखतात. हे सगळं त्यांनी त्या दुकानासमोर सांगितलं, आणि आपला आवाज किती मोठा होतोय हे त्यांना कळत नव्हतं. शेठले सांगू नको, हे निम्म्या गल्लीने ऐकलं.

मी विचारलं, माले का नही सांगं? मला का सांगितलं नाही? त्यावर ते चिडले. मला वाटलं होतं, ते गयावया करतील. उलट तेच चिडले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तू बी कोठे सांगस? पोऱ्याकडे जाई ऱ्हायनी, तिकीट काढं, बॅग भरी. माले इचारं बी नही."

मला विचारलंसुद्धा नाहीस, असं ते म्हणाले. मी तिथेच मेडिकलच्या पायरीवर बसले. इतकी थकले होते मी, की रडूही येईना. इतके महिने मी रागाने जळत होते, की हा माणूस उत्तर देत नाही. आणि हा माणूस खाटेवर बसून वाट बघत होता, की ही कधी विचारते.

"इचारं व्हतं," मी म्हटलं. "भाकरी करता करता इचारं. तुमनाकडे पाठ व्हती."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, बरोबर वाचलं की नाही याची खात्री करत असल्यासारखे. मग माझ्यापुढे उकिडवे बसले, म्हणजे माझं तोंड त्यांच्या समोर आलं. येणारेजाणारे बघत होते. दुकानवाल्याने विचारलं, "मासीने चक्कर आवे छे?" मी हातानेच नाही म्हटलं.

मग मी खात्यात विचारायची तसं विचारलं. पदर एका बाजूने आडवा धरला, आवाज काढला नाही. जाऊ का?

त्यांनीही आवाज काढला नाही. ओठांवरच बोलले, जुन्या जागेवरून बोलायचे तसे, जरा रुंद, मला नीट कळावं म्हणून.

"मंग मी कोनं तोंड देखू?" मग मी कुणाचं तोंड बघू.

मुलाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तो रागावला, सूनही रागावली असेल, त्यांची अडचण खरीच आहे. तिकीट रद्द झालं. खात्यात अजून कुणी काही बोललेलं नाही, पण गल्लीने ऐकलंय म्हणजे आज ना उद्या शेठपर्यंत जाईलच. कानाला मशीन बसवायचं का, ते लूमच्या आवाजात चालतं का, काही ठाऊक नाही. माझे गुडघे तसेच आहेत, खड्यांचा डिंकही तोच आहे. एक मात्र केलं. ओट्यावरचा गॅस उचलून खोलीच्या मधोमध लाकडी टेबलावर ठेवला, लांब नळी आणून. येताजाता अडखळायला होतं, पाहुणे हसतात. मी आता भाकरी खाटेकडे तोंड करून थापते.